आत्याबाईंच्या गोधडीला पोट सुटले त्याची हकीकत

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
नोव्हेंबर सरता सरता

ती. रूपाअक्कांना,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे रत्नमालेचा, मनापासून जयभीम. दाजींनाही सांगा. आम्ही इकडे जसे असायला हवे तसे आहोत, तुमच्या भावाची साखर सोडून. ती आधीच वर आहे आणि ते चहात घालून आणखी वर नेतात. तुमचे गुडघे कसे आहेत? मागे कळलं होतं की उजवा बरा झाला आणि लगेच डाव्याने मनावर घेतलं. दाजींनी तंबाखू सोडल्याचंही ऐकलं, फार बरं वाटलं. (पुन्हा कधी धरली तेही कळवा.) कारखाना सुरू झाला असेल, कन्नडच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या असतील, बाजाराला जाताना कडेने चालत जा.

पत्र बघून दचकला असाल. पण करणार काय, फोन केला तर तुम्ही उचलत नाही, आणि चुकून उचललात तर माझा आवाज ऐकल्याबरोबर ‘राजकुमारला दे’ म्हणता. मोबाईलवर निरोप टाकला तर दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे शांतता. पत्राचं तसं नसतं. पोस्टमन दारात उभा राहून मोठ्याने नाव पुकारतो, शेजारीण कुंपणावरून विचारते कुणाचं आलं, दाजी चष्मा शोधायला लागतात, मग माणसाला ते फोडावंच लागतं. तुम्ही ते आता फोडलं आहे आणि इथपर्यंत वाचलंही आहे, तेव्हा आता मागे फिरू नका.

विषय गोधडीचा आहे. (थांबा, पत्र खाली ठेवू नका.) जिच्यापायी आपलं बोलणं बंद झालं तीच ती, तुमच्या आईने, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, हाती घेतलेली आणि अर्ध्यावर ठेवून गेलेली. काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहून ठेवते, कारण तुमच्या आठवणीतली हकीकत आणि माझ्या आठवणीतली वेगवेगळी निघायची. आत्याबाईंना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी, पुण्यानुमोदन आटोपून पाहुणे गेल्यावर, तुम्ही म्हणालात की गोधडी आईच्या हातची आहे, ती लेकीच्या घरी जाईल. मी म्हणाले की ती माझ्या घरात, माझ्या चहावर शिवलेली आहे, ती इथेच राहील. मग तुम्ही तुमची मोरपंखी साडी काढलीत, म्हणजे विषय काढलात. तुमच्या भावाने पहिल्या पगारात घेतलेली ती साडी तुम्ही बाळंतपणाला आलेल्या असताना दोरीवर वाळत घातली होती आणि ती पुन्हा दिसली नाही. मला वाटलं होतं इतकी वर्षं झाली, तुम्ही विसरला असाल. तुम्ही साडीपेक्षा तो राग जास्त जपलेला निघाला. मग मीही माझी डाळिंबी साडी काढली, माझ्या आईने लग्नात दिलेली, जी तुम्ही बाळाला घेऊन कन्नडला परतलात त्याच आठवड्यात कपाटातून नाहीशी झाली. तुम्ही म्हणालात, “मला चोर म्हंतीस व्हय गं?” मी म्हणाले, सुरुवात कुणी केली? तुमचे भाऊ मधे बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. (त्या दिवशी ते पहिल्यांदाच पूर्ण सुटलं.) तुम्ही वाढलेलं ताट तसंच ठेवून जीप धरलीत. तेव्हापासून गोधडी माळ्यावर आणि आपण दोघी आपापल्या घरी.

आता ती माळ्यावरून खाली कशी आली ते ऐका. आमच्या विहारातल्या महिला मंडळाने ठरवलं की सहा डिसेंबरला घाटी दवाखान्याच्या आवारात जे पेशंटचे नातेवाईक उघड्यावर झोपतात त्यांना पांघरुणं द्यायची. मंडळाच्या अध्यक्षा संध्याबाई. (तुम्ही त्यांना पाहिलं आहे, बोलता बोलता समोरच्या बाईच्या खांद्यावरचा नसलेला केस उचलतात त्या.) त्या म्हणाल्या, दुकानातली ब्लँकेटं एका धुण्यात जाळी होतात, खरी ऊब हातच्या गोधडीची, पण आताशा सुना सुई धरतात कुठे, तेव्हा सरळ वर्गणी काढून ब्लँकेटंच घेऊ. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्या भावाचं म्हणणं की माझ्या मागे भिंतीवर घड्याळ असेल, त्या वेळ बघत असतील. ते स्वतः तिथे नव्हते, तरी त्यांना हे सगळं कसं दिसतं कोण जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे सासूबाईंच्या हातची गोधडी अगदी तयार आहे, ती मी देते. टाळ्या पडल्या. संध्याबाईंनी माझा फोटो काढून तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला, गोधडी नव्हतीच म्हणून नुसता माझा. मी घरी पोचायच्या आत गारखेड्याहून आमच्या श्रेयाच्या सासूचं अभिनंदनही येऊन पडलं होतं. आणि तुमच्यापासून कशाला लपवू, अक्का, त्या वेळी माझ्या मनात दानधर्म वगैरे काही नव्हतं. राग होता. म्हटलं, ना तुम्हाला ना मला, जाऊ दे एकदाची परक्याच्या घरी.

माळ्यावरून काढून उलगडली तर काय, कडेच्या सगळ्या ओळी आत्याबाईंनी झकास घातलेल्या, मधला भाग मात्र नुसता कापडावर कापड ठेवलेला, टाका एक नाही. शिवाय एका कोपऱ्यात उंदरांनी बाळंतपण केलेलं. कोपरा उसवला आणि ठिगळासाठी जाडसं कापड शोधायला लागले. तुमच्या भावाचा वर्कशॉपमधला निरोपाच्या दिवशीचा सफारी हाताशी लागला. त्यांना तो होत नाही, आता कधी होणारही नाही, पण मी पँटीला कात्री लावायला आणि ते आंघोळ करून बाहेर यायला एकच गाठ पडली. त्यांनी पँट माझ्या हातातून घेतली, घडी केली, आणि तेव्हापासून त्यांच्या कपाटाची किल्ली जानव्यासारखी बनियनच्या आत दोरीला लटकवून हिंडतात. (आपल्या घराण्यात असलं दृश्य बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.) शेवटी ठिगळ माझ्याच एका जुन्या परकराचं लावलं.

मग जागेचा प्रश्न. गोधडी पसरून शिवायची म्हणजे खोली मोकळी हवी. आमच्या हॉलमधला सोफा गॅलरीत गेला, टीपॉय पलंगावर गेला, आणि तुमचे भाऊ भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखे स्वयंपाकघरात जा-ये करू लागले. खाली अंथरायला विहारातली मोठी सतरंजी मागून आणली. सुईत दोरा ओवून बसले आणि काय सांगू, हात असा चालला की माझं मलाच कौतुक वाटलं. ओळीवर ओळ. संध्याबाई आता कुठे बघतील ते बघू, असं मनात म्हणत होते. चहाला उठले, गोधडी कशी दिसते बघायला एक टोक उचललं तर सतरंजीही उठली. मी आणखी उचललं, ती आणखी उठली. इतक्या घट्ट, इतक्या सरळ, इतक्या देखण्या टाक्यांनी मी आत्याबाईंची गोधडी विहाराच्या सतरंजीला शिवून टाकली होती. तुमच्या भावाने खाली वाकून, निरखून पाहिलं आणि म्हणाले, “टाके चांगले आलेत पण.” मी सगळं उसवलं. सतरंजीला पडलेली भोकं धुतल्यावर बुजतील असं मी विहारात सांगितलं आहे. तुम्हालाही कुणी विचारलं तर हेच सांगा.

दुसऱ्या खेपेला मी हुशार झाले आणि तिथेच घात झाला. आत्याबाई गोधडी कडेपासून सुरू करून गोल गोल आत यायच्या, नेहमी उजव्या हाताकडे वळत. मलाही ते माहीत होतं, इतकी वर्षं समोर बसून बघितलंय. पण त्या बाजूने बसलं की टीव्हीकडे पाठ होते, आणि माझ्या मालिकेत नेमकं त्या आठवड्यात हरवलेली बहीण सापडायची होती. म्हणून मी समोरच्या बाजूला बसले आणि डावीकडे वळत निघाले. त्यांनी कापड एकीकडे ताणत आणलेलं, मी दुसरीकडे ढकलत नेलं. कापडाने तरी जावं कुठे? सरकत सरकत सगळं मधे गोळा झालं आणि गोधडीला पोट सुटलं. साधंसुधं नाही, चांगलं गरगरीत. मी त्यावर तळहाताने दाबलं, ते बाजूला सरकलं. इस्त्री फिरवली, ते फुगलं. पाटा ठेवला, त्यावर वरवंटा ठेवला, शेवटी मी स्वतः जाऊन बसले. उठले की ते माझ्याबरोबर वर. तुमच्या भावाने दारातून बघितलं आणि विचारलं, “कितवा महिना हाय हिला?” त्या दिवशी त्यांना मी कालचीच भाजी वाढली.

अशात संध्याबाई पाहणीला आल्या. सोफा गॅलरीत असल्याने त्यांना गॅलरीत बसवावं लागलं. चहा घेतला, माझ्या खांद्यावरचा नसलेला केस उचलला, मग गोधडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “रत्नमालाबाई, ही नातेवाईकाला द्यायची का पेशंट म्हणून भरती करायची?” बायका हसल्या. (त्या एकट्या येत नाहीत, चार जणी घेऊन येतात.) मीही हसले, पण अक्का, त्या पायऱ्या उतरल्या आणि मला रडू कोसळलं. आत्याबाईंच्या ओळी कडेने तशाच सरळ, गुमान उभ्या, आणि मधे माझा सगळा गोंधळ. वाटलं, होती तशी माळ्यावर ठेवली असती तर निदान त्यांची म्हणून तरी राहिली असती.

डोळे पुसले आणि पुन्हा उसवायला बसले. या वेळी नुसती माझी ओळ नाही, म्हटलं वरचं कापड बाजूला करून आत कुठे चुण्या पडल्यात ते बघू. हात आत घातला. आत्याबाईंनी आत नव्या चिंध्या भरल्याच नव्हत्या. त्यांची स्वतःची जुनी, तपकिरी गोधडी अख्खी आत घातलेली होती. आठवते? जी त्या कुणाला धुवू देत नसत, उन्हात टाकायची तर स्वतः टाकत आणि शेजारी राखण बसत. ती इतकी विरली होती की बोट लागताच शिवण सुटली आणि आतून मऊ काहीतरी बाहेर आलं. ओढून बघितलं तर मोरपंखी. काठाजवळ इस्त्रीचा डाग, तुम्ही स्वतः पाडलेला, ज्याच्यावरून तुम्ही तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. मला घाम फुटला. म्हटलं आता अक्का म्हणणार रत्नमालेनेच दडवली होती. आणि त्याच्या खालचा थर, एकाच दोऱ्याने जोडून घेतलेला, माझी डाळिंबी. माझ्या आईच्या हातच्या पिकोसकट.

अक्का, त्या बाईने दोन्ही साड्या स्वतः उचलल्या, आत घातल्या, आणि इतकी वर्षं आपल्या दोघींना पांघरून झोपल्या. सकाळी उठून माझं ऐकून घ्यायच्या. मी साडीचं काढलं की माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, “जाऊ दे माय, तिला माहेरची वढ हाय, नेली आसंल.” तुम्हाला काय सांगायच्या? माझ्याबद्दलच काहीतरी असणार. एकदा खरं खरं सांगा, मला राग येणार नाही. (थोडा येईल.) मी तशीच जमिनीवर बसून हसायला लागले, आणि हसता हसता रडायला, तेव्हा तुमचे भाऊ धावत आले. त्यांनी दोन्ही साड्या बघितल्या, मग म्हणाले, “आईनं केलं व्हय हे?” आणि पुढच्या क्षणाला बाही सारून गोधडीत खांद्यापर्यंत हात घालून बसले. त्यांचा कॅरमचा स्ट्रायकर हरवलेला आहे शाळेत असल्यापासून, आणि त्यांच्या कॅरमचा आत्याबाईंना फार राग होता. सापडला नाही. पण संशय त्यांनी सोडलेला नाही.

आत्याबाईंनी असं का केलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. लबाडी म्हणावी तर साड्या त्यांनी नेसल्या नाहीत, विकल्या नाहीत. मला तरी एवढंच वाटतं की दोन्ही कापडं मऊ होती आणि त्यांना थंडी वाजत होती. पुढे विषय इतका वाढला की सांगायची सोय राहिली नसेल.

मग मी सरळ त्यांच्या जागेवर बसले, टीव्हीकडे पाठ करून. (बहीण सापडली म्हणे. मी नुसती ऐकली.) साड्या होत्या तशाच आत घातल्या, तुमची वर, माझी खाली, जशा त्यांनी ठेवल्या होत्या तशा, आणि उजवीकडे वळत वळत आत आले. पोट गेलं. अगदी सपाट नाही, हात फिरवला तर मधे जरासं कळतं, तेवढं आता आपल्यातल्या कुणाला नाही?

एक आणखी. परवा मंडळातल्या आम्ही काही जणी घाटीत जाऊन आलो, किती पांघरुणं लागतील बघायला. तिथे भिंतीच्या कडेला सिल्लोडकडची एक बाई होती, नवरा आत वॉर्डात, ही बाहेर खताचं पोतं अंगावर घेऊन पडलेली. आमच्याशी बोलायला उठून बसली तर ते पोतं तिने शेजारच्या म्हातारीच्या पायावर टाकलं, तेवढ्यात तिला ऊब म्हणून. ही गोधडी मी रागात देऊ केली होती, येताना तो राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही. गोधडी तिलाच द्यायची असं मी ठरवलं आहे. आत्याबाई असत्या तर त्यांनी अंगावरचीच काढून दिली असती, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी चोरली म्हणून आपल्या दोघींवर आळ घेतला असता.

पण आत तुमची साडी आहे. आधी ती नाहीशी झाली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आता तरी विचारायला हवं. म्हणून हे पत्र. तुमची हरकत नसेल तर तसं कळवा, फोन केलात तरी चालेल, मी उचलला तर ‘राजकुमारला दे’ म्हणू नका.

दाजींना, मुलांना, सुनांना सर्वांना जयभीम. थंडी आहे, गुडघ्यांना तीळतेल चोळा.

तुमची भावजय,
रत्नमाला

ता. क. नुसती परवानगी कळवून भागणार नाही असं हे वाचून पुन्हा लिहायला बसल्यावर लक्षात आलं. गोधडी अजून मधे वीतभर उघडी आहे. शेवटचे टाके घालण्याआधी तिथे भाकरीचा घास ठेवायचा असतो, म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच, आणि आत्याबाई तो नेहमी घरच्या लेकीच्या हातूनच ठेवून घेत. तुमचे भाऊ म्हणतात ही अंधश्रद्धा आहे. मी म्हटलं, श्रद्धा नाही नि अंधश्रद्धा नाही, ती भाकरी आहे. संध्याबाई म्हणाल्या मी ठेवते घास. मी म्हणाले, आमची गोधडी बाहेरच्यांच्या हातचं खात नाही. तेव्हा पाच तारखेला सकाळच्या जीपने या, आणि ज्वारीची भाकरी तुमच्या हातची आणा. माझी मधोमध चिरते.

ता. क. दुसरा. भाकरीचं खरं मानू नका, भाकरी इथेही मिळते. काल मी गोधडीची घडी करून, पिशवीत घालून, नुसती दारापर्यंत नेऊन बघितली, सराव म्हणून. दाराबाहेर पाय पडला नाही. परत येऊन उलगडली आणि भरदुपारी पांघरून बसले. मग गुपचूप बाजारात जाऊन एक ब्लँकेट आणून कपाटात लपवलं, ऐनवेळी गोधडीऐवजी तेच पुढे करता येईल म्हणून. हे मंडळात कुणाला माहीत नाही, तुमच्या भावालाही नाही. तुम्ही येता असं कळलं की ते ब्लँकेट मी त्या सिल्लोडच्या बाईच्या शेजारच्या म्हातारीला नेऊन देईन, म्हणजे मला मागे फिरायला वाट राहणार नाही. सहा तारखेला एक टोक तुम्ही धरा, एक मी धरते. एकटीच्या हातून ती सुटायची नाही, अक्का.

ता. क. शेवटचा. तिथे सगळ्यांसमोर रडायचं नाही, असं ठरवून या. दोघींपैकी एकीने तरी ठरवलेलं असावं, माझं काही खरं नाही.